अमीबाची उत्तर दिशा

पहिल्याच तासाला मी फळ्यावर अमीबा काढला. अमीबा हे माझं आवडतं चित्र. कसाही काढला तरी तो बरोबरच असतो, कारण त्याला स्वतःलाच धड आकार नाही. मी पेशीद्रव्यात ठिपके देत होते, तेवढ्यात पहिल्या बाकावरून आवाज आला.

"मॅडम, हा प्लॅन आहे की एलेव्हेशन?"

मी वळून म्हटलं, "हा अमीबा आहे."

"ते कळलं. पण वरून बघितलाय की समोरून?"

सत्तरीचे एक गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला तीन पेन्सिली, खांद्याला नकाशे ठेवायची लांब नळी. मी म्हटलं, "सूक्ष्मदर्शकातून दिसतो तसा काढलाय."

"म्हणजे वरून. प्लॅन. मग तसं लिहा ना खाली. आणि स्केल?"

"काका, अंदाजे काढलाय."

"अंदाजे," ते शेजारच्या मुलाकडे वळून म्हणाले, आणि एवढ्या दुःखाने म्हणाले की अख्खा वर्ग माझ्याकडे संशयाने बघायला लागला.

हे आमचे गावडेकाका. विश्राम गावडे. हे प्रकरण माझ्या गळ्यात कसं पडलं ते सांगते. हल्ली कॉमर्स आणि आर्ट्सच्या मुलांना एखादा विज्ञानाचा विषय घ्यावा लागतो. त्यांच्यासाठी आमच्या कॉलेजात ‘जीवशास्त्र परिचय’ नावाचा कोर्स आहे आणि तो शिकवायला, जिला नाही म्हणता येत नाही अशी मी आहे. त्यात कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की काही जागा आसपासच्या ज्येष्ठ नागरिकांना द्याव्यात. आले बरेच. पण झुरळाच्या तासापर्यंत सगळे गळाले. गावडेकाका तेवढे चिकटून राहिले.

काका आयुष्यभर ड्राफ्ट्समन होते. गिरणी बंद पडल्यावर वडील घरी बसले, म्हणून काकांचं कॉलेज राहिलं, ते आयटीआयला गेले आणि पुढे एका आर्किटेक्टच्या ऑफिसात बोर्डावर वाकून त्यांनी अर्ध्या कांदिवलीचे नकाशे काढले. अजून रस्त्याने जाताना एखादी बिल्डिंग दाखवून "हिचं टॉयलेट मी काढलंय" असं ते अभिमानाने सांगतात. कॉलेज राहून गेल्याची हळहळ मात्र मनात होती. प्रवेशाच्या दिवशीच त्यांनी मला बजावलं होतं, "मॅडम, मला सर्टिफिकेट पायजे. आमच्या मंडळींना घेऊन येणार आहे मी ते घ्यायला. आणि एक सांगा, हृदय आहे ना कोर्समध्ये? ते नीट काढायला शिकायचंय."

मी म्हटलं, आहे. मला वाटलं, स्वतःचं काहीतरी ऑपरेशन-बिपरेशन असेल. या वयात बहुतेकांना हृदयाचीच ओढ असते.

पण हृदयापर्यंत पोचायला तरी हवं ना! काका अभ्यासक्रम पुढे सरकूच देत नसत. त्यांना माणसाचं शरीर हे कुणीतरी मंजूर करून घेतलेलं बांधकाम वाटायचं, आणि त्यात त्यांना रोज नवा घोटाळा सापडायचा. मी घसा शिकवत होते. श्वासनलिका पुढे, अन्ननलिका मागे, वर दोघींचा रस्ता एकच. झालं. काका उभे.

"हवेचा आणि जेवणाचा एन्ट्रन्स कॉमन?"

"हो काका."

"आणि मध्ये ते एवढंसं झाकण?"

"हो."

"हा प्लॅन पास कुणी केला?"

उत्क्रांतीचा धडा यायला अवकाश होता, म्हणून मी "निसर्गानं" असं मोघम उत्तर दिलं. काका म्हणाले, "साइटवर जाऊन बघितलेलं दिसत नाही." मुलं बाकं बडवायला लागली. ॲपेंडिक्सला त्यांनी अनधिकृत बांधकाम ठरवलं. मूत्रपिंडावर मात्र ते खूश होते. "ड्रेनेज बघा, ड्रेनेज! ह्याला म्हणतात काम." मी घड्याळाकडे बघत होते आणि काका मूत्रपिंडाला दाद देत होते.

चित्रांचं तर विचारूच नका. आमच्याकडे प्रात्यक्षिकाची चित्रं सुट्या शीटवर काढून घेतात, मी सही करते आणि शेवटी सगळ्या शीट बाहेरच्या परीक्षकांपुढे जातात. कॉमर्सची मुलं ही चित्रं कॅन्टीनमध्ये समोसा खाता खाता काढतात. कांद्याच्या पेशीवर चटणीचा डाग असणं मी गृहीतच धरलेलं आहे. काकांची शीट आली ती चौकट आखून, उजव्या कोपऱ्यात रकाने पाडून. चित्राचं नाव. स्केल. काढणार: वि. गावडे. तपासणार: आणि पुढे माझ्यासाठी जागा. कांद्याची पेशी अशी काढली होती की तिथे दोन खोल्या आणि किचन सहज निघालं असतं. आणि वरच्या कोपऱ्यात एक बाण, त्याच्यावर ‘उ’.

"काका, हे काय आहे?"

"नॉर्थ. उत्तर दिशा."

"कांद्याच्या पेशीला?"

"मॅडम, दिशा नसेल तर कुणी उलटी धरली म्हणजे?"

मी ती शीट तशीच सही करून परत दिली. वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. ही माझी चूक झाली, कारण काका तोवर वर्गाचे लाडके झाले होते. रिकाम्या तासाला ते मुलांना पेन्सिलीला पॉलिश पेपरवर टोक कसं काढायचं, रेघ ओढताना पेन्सिल बोटांत कशी फिरवायची, ते शिकवत. पुढच्या आठवड्यात अमीबाच्या शीट जमा झाल्या. एकूणएक अमीबाला उत्तर दिशा होती. एका जास्वंदीला तर रिद्धी नावाच्या मुलीने रस्त्याची रुंदीही दाखवली होती.

मी रिद्धीला फैलावर घेतलं. ती म्हणाली, "मॅम, चिल ना! काका बोलले, पार्किंग पण दाखव. मी तेवढं नाही दाखवलं."

स्टाफरूममध्ये लोक मला ‘बिल्डर मॅडम’ म्हणायला लागले. घरी आले तरी डोक्यात तेच. नवऱ्याने काकडी चिरून पुढ्यात ठेवली तर मी म्हटलं, "हा सेक्शन कुठून घेतलास?" त्याने सुरी खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

असं रखडत, धापा टाकत एकदाचं आम्ही हृदयापर्यंत आलो. काका त्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. नळीतून कोरी शीट काढून, चारी कोपऱ्यांना टेप लावून तयार. मी मनातल्या मनात कंबर कसली आणि फळ्यावर हृदय काढलं. चार कप्पे. फळ्याच्या डाव्या बाजूला लिहिलं, उजवी कर्णिका, उजवी जवनिका. उजव्या बाजूला लिहिलं, डावी कर्णिका, डावी जवनिका.

हात वर. "मॅडम, डावं-उजवं उलटं झालं."

हा प्रश्न दरवर्षी येतो. मी म्हटलं, "नाही काका. माणूस आपल्या समोर तोंड करून उभा आहे असं समजायचं. त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. म्हणून कागदावर उजवं हृदय डावीकडे."

मला वाटलं, आता अर्धा तास गेला. पण काकांनी वाद घातला नाही, उभं राहून नुसतं विचारलं.

"सगळीकडे असंच काढतात?"

"सगळीकडे."

"डॉक्टर लोकपण?"

"हो काका."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. जगभर."

काका खाली बसले. पुढे तासभर एक शब्द नाही. झडपांवर त्यांना किती बोलता आलं असतं! पण नाही. तास वेळेत संपला, चक्क पाच मिनिटं आधी संपला, आणि मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन कटिंग चहाबरोबर वडाही खाल्ला.

त्यानंतर काका बरेच दिवस आले नाहीत. आले ते हृदयाची शीट घेऊन. माझ्या उभ्या नोकरीत इतकं सुंदर हृदय मी पाहिलेलं नाही. झडपेचा एकेक पडदा केसासारख्या रेघेने काढलेला. आणि सगळं उलट. आरशात बघावं तसं! उजवे कप्पे कागदाच्या उजवीकडे, डावे डावीकडे.

"काका, मी काय सांगितलं होतं?"

"ऐकलं मी."

"मग?"

"ज्याचं हृदय आहे त्याच्या बाजूनं काढलंय."

मी लाल पेनने फुली मारली. दोन दिवसांनी नवी शीट. पुन्हा तेच. पुन्हा फुली. तिसऱ्यांदा तेच. आता मात्र माझं डोकं फिरलं. ज्या माणसाने कांद्याला उत्तर दिशा दाखवली, ज्याने मला स्केलवरून वर्गात पाणी पाजलं, तो आता साध्या संकेताला जुमानत नव्हता. मी सगळ्यांसमोर आवाज चढवला. "काका, नकाशात उत्तर वर असते, ती काय मी ठरवली? तुमच्या धंद्यात कुणी खाली दाखवली तर चाललं असतं तुम्हाला? हृदय कंपल्सरी आहे. ही शीट बरोबर आल्याशिवाय मी सही करणार नाही आणि माझ्या सहीशिवाय परीक्षेला बसता येत नाही. सर्टिफिकेट विसरा."

काका शीट गुंडाळून नळीत घालत म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." आणि निघून गेले.

शीट जमा करायची तारीख जवळ आली तरी काकांचा पत्ता नाही. वर्गाच्या ग्रुपवर निरोप टाकला. त्याला काकांनी फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवलं. रिद्धी म्हणाली, "मॅम, काकांची वाट लागणार यार. तुम्ही जाऊन बोला ना त्यांच्याशी." खरं सांगते, मला कुणाच्या घरी जाऊन समजूत काढायची हौस नाही. पण मी राहते बोरिवलीला, काका जवळच चारकोपला. रविवारी संध्याकाळी चडफडत रिक्षा केली.

दार काकूंनी उघडलं. ठेंगण्या, हसऱ्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "येवा, येवा! मॅडम इली बघा हो!"

आत गेले आणि उभीच राहिले. कालनिर्णयाच्या शेजारी अमीबा. टीव्हीच्या वर मूत्रपिंड. देव्हाऱ्याच्या एका बाजूला जास्वंद, ती निदान शोभत तरी होती. काकांच्या सगळ्या शीट भिंतीला लावलेल्या, प्रत्येकीवर कोपऱ्यात माझी सही. आणि मधोमध, समईच्या उजेडात, ते उलटं हृदय. कोरं. त्याच्यावर फुली नव्हती. म्हणजे चौथ्यांदा काढलं होतं.

काका चहा आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. काकू हृदयापाशी जाऊन कौतुकाने म्हणाल्या, "ह्या मीच मागून घेतलंय. ह्येंका म्हटलं, तुमी लोकांचे बंगले काढलात, माझ्या बायचा हृदय काय कधी काढलात नाय. तेवढ्यासाठी कॉलेजात गेले." आणि त्यांनी शीटच्या डाव्या बाजूला बोट ठेवलं. "हयसर होता तिचा दुखणा. डाव्या बाजूक."

मला धड काही कळलं नव्हतं. पण चुकीच्या चित्रावर कुणी बोट ठेवलं की माझ्या तोंडून दुरुस्ती निघते, ती सवयच आहे. मी म्हटलं, "काकू, तेच तर सांगायला आलेय मी. चित्रात डावी बाजू खरं म्हणजे—"

"मॅडम!" काका दारातून ओरडले. हातातला चहा बशीत हिंदकळला. "तुम्हाला उशीर होतोय. चला, रिक्षा बघून देतो."

"अहो, चा तरी घेवंदे तिका!" काकू म्हणाल्या. पण काकांनी चपला घातल्याही होत्या.

खाली बिल्डिंगच्या गेटपाशी, उभ्या केलेल्या स्कूटरला टेकून काका म्हणाले, "मुलगी होती आमची. जन्मतःच झडप नीट नव्हती. डॉक्टरांनी कागदावर हृदय काढलं, बोट ठेवलं, म्हणाले, ह्या बाजूची झडप. मी ड्रॉइंग वाचणारा माणूस, मॅडम. बोट कागदाच्या डाव्या बाजूला होतं. हिला येऊन सांगितलं, डावी बाजू. विचारायला नको होतं का मी एकदा? पण मला ड्रॉइंग समजत नाही असं कसं म्हणायचं?"

काका स्कूटरच्या सीटवरची धूळ बोटाने पुसत राहिले.

"हिनं पोरीला डाव्या कुशीवर कधी टेकू दिलं नाही. डाव्या बाजूवर भार नको म्हणून सदा उजव्या कुशीवर. स्वतः तिला धरून बसल्या बसल्या झोपायची, पण पोरीची कूस बदलू द्यायची नाही. डॉक्टर म्हणाले होते, पहिला वाढदिवस बघणार नाही. पोर चालायला लागली, मॅडम. मला बाबा म्हणायला लागली. मग गेली. हिला वाटतं, आपण ती बाजू जपली म्हणून तेवढी तरी मिळाली." काकांनी चष्मा काढला. "तुम्ही वर्गात सांगितलंत तेव्हा कळलं. बाजू दुसरीच होती. दुखऱ्या अंगावरच झोपवत होतो आम्ही तिला. पुस्तकासारखं काढलं तर डावीकडे ‘उजवी’ लिहावं लागतं, आणि हिनं का म्हणून विचारलं की सगळं सांगावं लागेल."

"काका," मी म्हटलं, "कुशीचा आणि झडपेचा काही संबंध नाही. कुठल्याही कुशीवर ठेवलं असतं तरी तेच झालं असतं. शपथेवर सांगते."

"असेल. माका तुमी सांगितलात तर मी मानीन. पण तिका कोण सांगतलो?"

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला रागही येतो. मी रागानेच म्हटलं, "घरी ते राहू दे. परीक्षेची शीट कॉलेजात बसून काढा. पुस्तकासारखी. ती कॉलेजातच राहील, घरी येणार नाही."

काकांनी जरा विचार केला. "म्हणजे एकाच बिल्डिंगचे दोन प्लॅन. एक मंजुरीला, एक साइटवर."

"हो."

"आमच्या धंद्यात नवीन नाही ते," काका म्हणाले, आणि तशातही किंचित हसले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत बसून त्यांनी हृदय काढलं. पुस्तकाबरहुकूम. उजवं लिहिताना हात थांबला, मग लिहिलं. मी लगेच सही केली. परीक्षाही पार पडली. बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी चष्म्यावरून मला विचारलं, "या सगळ्या अमीबांना उत्तर दिशा का आहे?" मी म्हटलं, "स्थानिक पद्धत आहे." 

सर्टिफिकेट द्यायच्या दिवशी काका कोट घालून आले. काकू मोरपिशी साडी नेसून. काकांचं नाव पुकारलं तेव्हा मुलांनी शिट्ट्या मारल्या, रिद्धी बाकावर उभी राहिली. प्राचार्यांनी फोटोसाठी काकांना जरा डावीकडे सरकायला सांगितलं. काकांनी विचारलं, "माझ्या डावीकडे की तुमच्या?" मी डोक्याला हात लावला.

सगळं आटोपल्यावर समोशांच्या गर्दीत काका मुलांच्या तावडीत सापडले आणि काकू मला शोधत आल्या. हातात ती लांब नळी. त्यांनी बाजूच्या टेबलावरच्या बशा सरकवल्या आणि शीट उलगडली. भिंतीवरचं हृदय.

"मॅडम, सगळ्या चित्रांवर तुमची सही असा," त्या म्हणाल्या. "ह्या एकावरच नाय. ह्येंका किती सांगलंय, मॅडमची सही घेवा, सही घेवा. नेवकच नाय. म्हणान मीच आणलंय."

मी पेन काढलं. गर्दीपलीकडून काका आमच्याकडे बघत होते. रिद्धी त्यांच्याशी काहीतरी बोलत होती, ते त्यांना ऐकू जात नव्हतं.

"बरोबर असा मां?" काकूंनी विचारलं. बोट कागदाच्या डाव्या बाजूला, जिथे काकांनी सुबक अक्षरात ‘डावी’ लिहिलं होतं. "हयसरच होता मां?"

अशा उलट्या हृदयांवर मी आजवर किती फुल्या मारल्या असतील त्याला गणती नाही. नापाससुद्धा केलंय मुलांना.

"हो काकू," मी म्हटलं. "तिथेच." आणि ‘तपासणार’ या शब्दापुढे सही केली.

काकूंनी शाई वाळेपर्यंत शीट दोन्ही हातांनी धरून ठेवली. मग म्हणाल्या, "मगे मी बायेक बरोबरच धरलंय."